दम्याचा पंप : औषध छातीत जाते की घशात?

दिवाळी सरून थंडी पडू लागली, की आमच्या दवाखान्यातील बाकावर दम्याचे रुग्ण वाढतात. ऊसतोड सुरू झालेली असते, शेतात पाचट पेटते, घरोघरी ट्रंकेतल्या गोधड्या बाहेर निघतात आणि रात्री दोन-तीन वाजता अंथरुणात उठून बसणाऱ्यांची संख्या वाढते. गेल्या हिवाळ्यात असेच एक गृहस्थ आले. पिठाची गिरणी चालवणारे, वय पन्नाशीच्या आसपास. त्यांना आपण अण्णा म्हणू. खुर्चीत बसता बसता त्यांनी खिशातून निळा पंप काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा आपटला.

"डॉक्टर, हा बदलून द्या. महिन्याला एक संपतो, तरी धाप काही जात नाही. त्यापेक्षा सुई द्या, सुईने बरं वाटतं."

मी म्हटले, "अण्णा, सुईचं नंतर बघू. आधी हा पंप माझ्यासमोर ओढून दाखवा."

अण्णांनी झाकण काढले. पंप हलवला नाही. श्वास बाहेर सोडला नाही. तोंड उघडून लागोपाठ तीन वेळा दाबला आणि मग नाकाने श्वास घेतला. औषधाचा पांढरा फवारा विडीच्या धुरासारखा ओठांतून बाहेर आला आणि पंख्याच्या वाऱ्याने उडून गेला. दोन वर्षे हे गृहस्थ पंप मारत होते. त्यातले औषध थोडे जिभेवर, थोडे घशात आणि बाकीचे गिरणीच्या हवेत जात होते.

चूक अण्णांची होती, असे म्हणून मला मोकळे होता येणार नाही. पहिली चिठ्ठी मीच लिहिली होती. "सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा ओढा" एवढे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले होते. मेडिकलवाल्याने खोके दिले. खोक्यात घडीचा कागद होता, त्यावर मुंगीएवढी अक्षरे. अण्णांना कोणी दाखवलेच नाही, तर त्यांना यावे कसे? सायकल चालवायला शिकवताना आपण मागे धरून पळतो. पंप मात्र हातात देऊन सोडून देतो.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. दम्याचा रुग्ण जुना असो वा नवा, पंप बरोबर आणायचा आणि माझ्यासमोर ओढून दाखवायचा. या नियमामुळे जे पाहायला मिळाले, त्याने मीच चकित झालो. एक आजी इनहेलरच्या कॅप्सूल रोज पाण्याबरोबर गिळत होत्या. यंत्र नातवाने खेळायला घेतले होते. एका शिक्षकांनी पंपाचे झाकणच काढले नव्हते. पंप रिकामा आहे असे समजून ते तीन दिवस मला दोष देत होते. एक ताई पंप उलटा धरत होत्या. ही सगळी शहाणी, संसार आणि हिशेब नीट सांभाळणारी माणसे आहेत.

नळी का आवळते?

दम्यात तीन गोष्टी घडतात. श्वासनलिकांच्या आतले अस्तर सुजते, नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साठतो. नळी अरुंद होते आणि हवा बाहेर पडताना पिपाणीसारखा सुंईऽऽ आवाज येतो. यातील मूळ दुखणे सुजेचे आहे. सूज असली, की थंड हवा, धूळ, उदबत्तीचा किंवा डासांच्या कॉइलचा धूर, सर्दी-पडसे, फोडणीचा ठसका, काहीही निमित्त पुरते आणि स्नायू आवळतात.

म्हणून औषधेही मुख्यतः दोन तऱ्हेची. सालब्युटामॉलसारखे औषध आवळलेला स्नायू सैल करते, पाच-दहा मिनिटांत मोकळे वाटते. हा झाला आरामाचा पंप, आपल्याकडे बहुधा निळा. दुसरे औषध श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड. ते सूज उतरवते, पण सावकाश. घेतल्याबरोबर काहीच जाणवत नाही, फरक कळायला आठवडे लागतात. छप्पर गळत असताना खाली पातेले मांडणे हे निळ्या पंपाचे काम आणि वर चढून कौल बदलणे हे स्टिरॉइडचे. माणसाचा स्वभाव असा, की पातेले मांडल्याबरोबर जमीन कोरडी दिसते, म्हणून तो पातेल्यावरच विश्वास ठेवतो.

अण्णांना मी दोन्ही पंप लिहून दिले होते. दुसरा त्यांनी पंधरा दिवसांत बंद केला. कारण विचारले तर म्हणाले, "त्यानं काही वाटतच नव्हतं. आणि आमच्या मंडळी म्हणाल्या, स्टिरॉइड आहे, हाडं खातं."

मंडळींची भीती अगदीच निराधार नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. पण गोळी आणि पंप यांची मापे वेगळी असतात. निळ्याच औषधाचे उदाहरण घेऊ. सालब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. चाळीसपट फरक. गोळी पोटात जाऊन, रक्तात मिसळून, सगळ्या अंगभर हिंडून शेवटी छातीत पोहोचते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध जिथे दुखते तिथेच पडते, म्हणून चिमूटभर पुरते. श्वासातल्या स्टिरॉइडचेही तसेच. नेहमीच्या मात्रेत त्याचा मुख्य त्रास म्हणजे आवाज बसणे आणि तोंडात पांढरे चट्टे येणे. पंपानंतर खळखळून चूळ भरून थुंकून टाकली, की तोही बराचसा टळतो.

गंमत अशी, की पंपातल्या स्टिरॉइडला घाबरणारी माणसे कुठून तरी आणलेली 'दम्याची देशी पुडी' निर्धास्तपणे वर्षभर खातात. पुडीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडत असेल आणि सोबत गाल फुगू लागले असतील, तर तिच्यात स्टिरॉइडच कुटून मिसळलेले असण्याचा संशय घ्यावा. अशा भेसळी अनेकदा उघडकीला आल्या आहेत. आणि पुडी अचानक बंद करणेही धोक्याचे असते. ती घेत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा.

हळू की जोरात?

आता ओढण्याच्या पद्धतीकडे वळू. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळी गोम इथेच आहे.

आपल्याकडे दोन जातींची साधने चालतात. एक दाबायचा पंप, ज्यातून फवारा सुटतो. दुसरे कोरड्या भुकटीचे यंत्र, ज्यात कॅप्सूल घालून फिरवायचे आणि ओढायचे. दोन्हींची रीत एकमेकांच्या उलट आहे, हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

पंपातला फवारा आधीच वेगाने सुटतो. त्यात तुम्हीही जोरात श्वास ओढला, तर औषध घशाच्या वळणावर आपटते. भरधाव एसटी वळणावर सरळ रस्त्याबाहेर जावी, तसे. म्हणून पंप ओढायचा तो सावकाश. झाकण काढून आत काही अडकलेले नाही ना ते बघा. पंप चांगला हलवा. मान किंचित वर, ताठ बसा किंवा उभे राहा. श्वास पंपात नव्हे तर बाहेर, आरामात पूर्ण सोडा. पंपाचे तोंड दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटा, जीभ आड येऊ देऊ नका. तोंडाने हळूहळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी एकदाच दाबा. दाबल्यावर थांबू नका, आणखी तीन-चार सेकंद छाती भरेपर्यंत ओढतच राहा. मग पंप काढून तोंड मिटून मनात दहापर्यंत आकडे मोजा. औषधाचे कण श्वासनलिकेत खाली बसायला तेवढा वेळ लागतो. दुसरा फवारा घ्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, पुन्हा पहिल्यापासून. नवा पंप, किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप, आधी दोन-चार वेळा हवेत उडवून घ्यावा.

भुकटीच्या यंत्राचे नेमके उलटे. भुकटीला स्वतःचा जोर नसतो. तिला उचलून बारीक करून आत नेण्याचे काम तुमच्या श्वासालाच करावे लागते. म्हणून इथे जोरात आणि खोल ओढायचे, अगदी पहिल्या क्षणापासून. यंत्रात चुकूनही फुंकर घालू नये, दमटपणाने भुकटीचा गोळा होतो. पावसाळ्यात कॅप्सूल आधी काढून ठेवू नयेत आणि न्हाणीघराच्या फळीवर तर मुळीच ठेवू नयेत. ओढून झाल्यावर यंत्र उघडून बघा. कॅप्सूलमध्ये भुकटी उरली असेल तर पुन्हा एकदा ओढा. आणि कॅप्सूल गिळायची नाही, हे आजींच्या आठवणीने पुन्हा लिहितो.

हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल, तर पंपाला स्पेसर जोडावा. स्पेसर म्हणजे प्लास्टिकचा पोकळ डबा. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला तोंड. फवारा आधी डब्यात उडतो, त्याचा वेग मोडतो, मोठे थेंब डब्यातच राहतात आणि बारीक औषध तुम्ही सावकाश ओढता. काही शे रुपयांची वस्तू, पण माझ्या मते कित्येक महागड्या औषधांपेक्षा उपयोगी. लोकांना ते लहान मुलांचे साधन वाटते. मोठ्या माणसांनाही त्याने तितकाच फायदा होतो, वयस्करांना तर अधिकच. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता तसाच वाळू द्यावा. कापडाने घासले तर प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतींना चिकटते.

गावात मध्यरात्री स्पेसर कुठून आणायचा? 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, सांधा हवाबंद करून, ती मुलांना दिली. अटॅक उतरवण्यात ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. थर्माकोलचा पेला मात्र सर्वांत कमी उपयोगी ठरला. अडीनडीला ही बाटलीची युक्ती लक्षात असू द्यावी.

पंपात औषध उरले आहे की नाही, हे हलवून किंवा पाण्यात तरंगवून कळत नाही. औषध संपले तरी आतला वायू सुटतच राहतो आणि माणूस नुसता वायू ओढत बसतो. काही पंपांवर आकडा दिसतो, तो बघावा. नसेल तर खोक्यावर फवारे किती ते वाचावे. 120 फवाऱ्यांचा पंप रोज चार फवारे घेतले तर तीस दिवस. पंपावर चिकटपट्टी लावून सुरू केल्याची तारीख बॉलपेनने लिहून ठेवावी.

निळा पंप एकटा नको

आता जे लिहितो, ते लिहिणे मला सोपे नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे पस्तिशीचे एक कंडक्टर येत असत. हसतमुख माणूस. निळा पंप कायम गणवेशाच्या खिशात. माझ्याकडे ते पडसे-तापासाठी येत. दम्याचे विचारले की खिशावर थाप मारून म्हणत, "तो कंट्रोलमध्ये आहे, डॉक्टर." दर महिन्याला, पुढे पंधरा दिवसांना, ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय नवा पंप घेत. मी विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. एका पहाटे त्यांना रिक्षातून आणले, तेव्हा माझ्या हातात करण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांच्या पत्नीने सांगितले, की मध्यरात्रीपासून ते पंपच मारत बसले होते. दर वेळी "आता कमी होईल" म्हणत.

निळ्या पंपाने स्नायू सैल होतो, आराम पडतो आणि आत सूज वाढत राहते. एक दिवस असा येतो, की सैल करून काही उपयोग होत नाही. ही गोष्ट जगभर ध्यानात आली आणि 2019 मध्ये दम्यावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या संस्थेने स्पष्ट सांगितले, की मोठ्या माणसांच्या दम्यावर नुसता निळा पंप देऊ नये. सौम्य दम्यातही श्वासातले स्टिरॉइड हवेच. वर्षाला 200 फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक निळे पंप लागत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो. बारा किंवा अधिक लागत असतील तर मृत्यूचा धोका वाढतो. अण्णांचा महिन्याला एक संपत होता, हे वाचकांना आठवत असेल.

आता फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेला पंप मिळतो. फॉर्मोटेरॉलने निळ्याइतकाच लवकर आराम पडतो आणि त्याच ओढीत सुजेचे औषधही जाते. काही रुग्णांना हाच पंप रोजचा म्हणून आणि धाप लागली तर आरामाचा म्हणूनही वापरता येतो. कोणाला, किती, दिवसात जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. मिश्र पंप अनेक तऱ्हांचे आहेत आणि सगळे अशा वापराला चालत नाहीत. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका, नाव वाचा.

आपला दमा काबूत आहे का, हे घरी तपासता येते. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा दम लागला का? दम्याने एकदा तरी झोपमोड झाली का? आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? जिना, शेत, बाजार, स्वयंपाक यांपैकी काही दम्यामुळे टाळले का? चारही उत्तरे 'नाही' आली तर दमा काबूत. एक जरी 'हो' आले, तर डॉक्टरांकडे जा आणि पंप बरोबर न्या. "मला सवयच झाली आहे" असे म्हणणारे रुग्ण मला सर्वांत जास्त काळजीत टाकतात.

पंपाची सवय लागते, हा समज तर घराघरांत आहे. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी आंधळेपणाने रस्ता ओलांडत नाही. लग्नाच्या मुलींच्या बाबतीत हा समज फार छळतो. गेल्या वर्षी एक नवी सून सासरी पंप साडीच्या घडीत लपवून ठेवत होती आणि रोज चुलीजवळ बसत होती. दिवस गेल्यावर माहेरच्यांनीच सल्ला दिला, आता पंप बंद कर, बाळाला बाधेल. बाळाला पंप बाधत नाही. आईची धाप बाधते, कारण बाळ आईच्याच श्वासावर जगते. मी सासूबाईंना आत बोलावून समजावले. त्या एवढेच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर गॅसपाशी नसतं का बसवलं?"

मृगाच्या सुमारास हैदराबादला मासा गिळायला जाणारे आणि कोजागरीला चांदण्यातल्या खिरीतून औषध घेणारे रुग्ण माझ्याकडेही आहेत. ज्याची त्याची श्रद्धा. मी भांडत नाही. मात्र पंप बंद करून कोणी जाऊ नये आणि प्रवासात तो सामानाच्या तळाशी ठेवू नये. दुखण्यावर घ्यायच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्या आणि काचबिंदूचे काही थेंबसुद्धा दमा भडकवू शकतात. नवे औषध घेताना "मला दमा आहे" हे आधी सांगावे.

अटॅक आला आणि एक वाक्य एका दमात बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, माणूस गुंगू लागला किंवा घरघर एकाएकी थांबूनही धाप तशीच राहिली, तर वाट पाहू नका. घरघर थांबणे हे तेव्हा चांगले लक्षण नसते. रुग्णाला आडवे करू नका, पुढे वाकवून बसवा. स्पेसरने निळ्या पंपाचा एकेक फवारा अर्ध्या ते एक मिनिटाच्या अंतराने, दहापर्यंत द्या आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करावा.

अण्णांचे सांगायचे राहिले. त्यांना मी स्पेसर घेतला, मिश्र पंप दिला आणि गिरणीत नाका-तोंडावर चांगला मास्क बांधायला सांगितले. कारण पिठाची धूळ हे दम्याचे एक जुने, ओळखीचे कारण आहे. श्वासाचा जोर मोजायच्या नळीत पहिल्या दिवशी त्यांची फुंकर 210 वर अडली होती. सहा आठवड्यांनी ती 370 वर गेली. सुई त्यांनी पुन्हा मागितली नाही. मात्र मास्क बांधून पिठाचा भाव सांगितला तर गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार अजून आहे.

दम्याच्या रुग्णांनी पुढच्या खेपेला दवाखान्यात येताना पंप बरोबर आणावा. रिकामा असला तरी चालेल.